जीपमधून उतरवलेली माणसं

मित्रांनो, मला जुने म्हणावे की नवे, हे माझे मलाच कळत नाही. मी एक चित्र आहे. कागदावर मी कधीच नव्हते. जव्हारला पराग नावाच्या मुलाच्या संगणकात माझा जन्म झाला. परागने 'भरली की सुटली' नावाचा एक खेळ बनवला. खेळांच्या ऑनलाइन दुकानात त्या खेळाच्या दारावर मी लावलेले असते. येणाऱ्या-जाणाऱ्याने मला पाहावे, थबकावे आणि दार उघडावे, एवढीच माझी नोकरी. नोकरी बरी चालली आहे. लोक माझे कौतुक करतात, आणि दर कौतुकाला माझी मान खाली जाते. का, ते सांगते.

दाभोसा ते जव्हार जीप घड्याळ बघून सुटत नाही, भरली की सुटते. आणि भरली म्हणजे नेमकी किती, हे कोणी ठरवलेले नाही. रस्त्यात कोणी हात दाखवला तर 'जागा नाही' म्हणायची इकडे रीत नाही. पुढच्याने गुडघे वळवायचे, मागच्याने पोर मांडीवर घ्यायचे, उरलेल्याने टपावर चढायचे. परागच्या खेळात हेच करायचे असते: कोणाला कुठे बसवले तर भांडण होणार नाही, हे ओळखून सगळ्यांना घरी पोचवायचे.

परागला गणित जमते, हात मात्र चालत नाही. त्याने काढलेली बकरी आणि बाकडे यांत फरक कळायला खाली नाव लिहावे लागे. म्हणून माणसे काढली ती रोशनीने. ती दाभोशाची, कॉलेजात परागच्याच वर्गातली. तिने गावातल्याच लोकांना समोर बसवून चितारायचे ठरवले. पण दिवस भाताच्या आवणीचे, चिखलातून उठून कोण येणार? मग ती प्रत्येकाला म्हणाली, "दुकानात चित्र लागणार आहे. त्यात तुम्ही असणार." या शब्दावर माणसे आली.

सखा दाढी करून आला, लग्नातला शर्ट घालून. आधार कार्डाच्या फोटोला बसतात तसा बसला आणि गुडघा पुढे काढून दोघांची जागा अडवली. धाकली नावाची बाई 'मी हसेन' म्हणाली आणि ऐन वेळी तिने तोंडावर पदर घेतला. जीपवाला जगन म्हणाला, मी दिसलो नाही तरी चालेल, गाडी धुतलेली दाखव. रोशनीची आत्या बुधी तर बसलीच नाही. ती कोंबडी घेऊन बाजाराला निघाली होती. कोंबडी निसटत होती, बुधी तिला छातीशी आवळत होती, आणि तेवढ्यात रोशनीने तिची नजर टिपली.

असे सगळे माझ्यात येऊन बसले. कोणालाही नाही म्हटले गेले नाही. जीप भरतात तसेच मला भरले. टपावर माणसे, खिडकीत माणसे, मागे लोंबकळणारी माणसे, भाताची पोती, दोन बकऱ्या. खेळाचे नाव कुठेच मावेना, म्हणून ते जगनच्या धुतलेल्या बंपरवर बारीक अक्षरांत लिहिले. परागला आणि रोशनीला मी फार आवडले. मलाही मी आवडले. आतून मी भरलेले होते ना.

पण दुकानात मी अंगठ्याच्या नखाएवढे दिसते, हे कोणाच्या ध्यानात नव्हते. परागने आपल्या मामेबहिणीला, किमयाला, फोन हातभर लांब धरून विचारले, "काय दिसतंय?"

किमया डोळे बारीक करून म्हणाली, "चुरमुरे सांडलेत."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. चुरमुरे सांडलेत आणि कोणीतरी त्यावर चटणी टाकलीय."

परागने मला इतर खेळांच्या चित्रांमध्ये ठेवून पाहिले. शेजारी कोणाची एकच तलवार, कोणाचे एकच मांजर. दुरूनही ओळखू येत होते. मधे मी, ओल्या बारदानासारखे. रंग काढून करडे केले, तर जीप कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो तेही कळेना. मग परागला कल्पना सुचली. "जीप दाभोशाच्या धबधब्यावरून उडी मारताना दाखवू."

"खेळात ती चढाला ढकलावी लागते," रोशनी म्हणाली. "चित्रात उडवलीस तर लोक आत येऊन तुला शिव्या घालतील."

तेव्हा एकच उपाय उरला. माणसे कमी करायची.

संगणकावरच्या चित्राला पदर असतात, मित्रांनो. एकेक माणूस एकेका पदरावर काढलेला असतो आणि प्रत्येक पदराशेजारी एक छोटा डोळा असतो. तो मिटला की तो माणूस दिसेनासा होतो. पुसला जात नाही, नुसता दिसत नाही. रोशनीने एकेक डोळा मिटायला सुरुवात केली. आधी पोती गेली, बकऱ्या गेल्या, ते सोपे होते. मग माणसांची वेळ आली. एकट्या सख्याला ठेवून पाहिले, तर तो सरकारी जाहिरातीतला लाभार्थी दिसू लागला. धाकलीचा नुसता पदर. शेवटी उरली बुधी. टपावर बसलेली, छातीशी कोंबडी, मागे मोकळे फिकट आभाळ. आणि तिचे डोळे थेट तुमच्याकडे, जणू तुम्हीच कोंबडी पळवणार आहात.

"हीच," पराग म्हणाला.

"ही माझी आत्या आहे."

"मग काय झालं? सांग गावात, ही चांगली दिसते म्हणून ठेवली."

"आणि बाकीचे वाईट दिसतात, असं सांगू? तुला काय, तू जव्हारात राहतोस. त्यांना शब्द मी दिलाय."

तिने पुन्हा सख्याचा डोळा उघडला, पुन्हा मिटला. असे किती वेळा केले ते मला विचारू नका. अखेर खेळाचे नाव वर ठळक लिहिले गेले आणि मी दुकानाच्या दारावर लागले. किमयाला पुन्हा विचारले. ती म्हणाली, "म्हातारी काही कोंबडी सोडायची नाही." आणि स्वतःहून दार उघडले.

पुढे कितीतरी दिवस रोशनी गावी गेलीच नाही. जगनची जीप टाळून दुसऱ्या जीपने जायचे, तेही परस्पर दुसऱ्या गावी, बहिणीकडे. पण जव्हारच्या स्टँडवर जगनने तिला गाठलेच. गाडीत पुढे सखा, मागे बुधी.

"काय गं, लागलं का आमचं चितर दुकानात?" जगनने विचारले.

तिने फोन सख्याच्या हातात दिला. दोन बोटांनी त्याने मला मोठे केले. कोंबडीमागे पाहिले, टपाखाली पाहिले, खिडकीत पाहिले. आणखी ताणले. माझे चौकोन चौकोन झाले, तरी त्याला सखा सापडेना.

"मग मला कुठं उतरवलंस?" त्याने विचारले.

"उतरवलं नाही, काका. आतच आहात. डोळा बंद केलाय."

"म्हंजे मेलो मी?"

जीपमधले हसले. रोशनी हसली नाही. बुधी मागून म्हणाली, "मला काढ गं. त्याला ठेव. मी आपली कोंबडी धरून उभी होते, मला कुठं ठाऊक."

"नाही आत्या," रोशनी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण वाक्य तिने पुरे केले. "तू दिसलीस तर लोक थांबतात. सगळे दिसलात तर कोणीच दिसत नाही. मी आधीच बघायला पाहिजे होतं. शब्द द्यायच्या आधी."

जीप भरली तशी रोशनीही आत बसली आणि जगनने गाडी सोडली. पाड्याच्या फाट्यावर सखा उतरला, फोन परत दिला आणि म्हणाला, "पुढच्या येळी आधी सांग. उगाच दाढी केली."

त्यावरही सगळे हसले. सखा हसत नव्हता, हे फक्त रोशनीने पाहिले.

मित्रांनो, तुम्ही कधी असे चित्र काढाल तेव्हा त्यात थोडेच घ्या. नखाएवढ्या जागेत जग मावत नाही. पण ज्यांना तिथे जागा नाही त्यांना शेतातून उठवून आणू नका. आणि आणलेच असेल, तर त्यांनी गाठायची वाट न बघता स्वतः जाऊन सांगा. रोशनीला निदान तोंड आहे, उशिरा का होईना तिने सांगितले. मला ते नाही. माझ्या पोटात सगळे बसले आहेत, सखा गुडघा काढून, धाकली तोंडावर पदर घेऊन, आणि मी कोंबडी घट्ट धरून तुमच्याकडे बघत राहते.