मागल्या खोलीतलं ताट

खिम्याचं यंत्र टेबलाच्या कडेला आवळून स्तेफ्का सकाळपासून दांडा फिरवत होती. आधी उकडलेले वाटाणे. मग यंत्र उघडायचं, पातं आणि जाळी गरम पाण्यात विसळायची, पुसून पुन्हा बसवायची. मग बटाटा. पुन्हा विसळायचं. बीट सगळ्यात शेवटी, कारण बिटाचा रंग एकदा धरला की यंत्रावरून जाता जात नाही.

बाहेर कॅनडातल्या सस्कॅचवानचा माळ गोठून दगड झाला होता. ज्या काळ्या मातीत पेरणीच्या वेळी पाय घोट्याएवढा रुतायचा, तिच्यावर आता कुदळ मारली तर ठिणगी उडाली असती. गोठ्यापर्यंत जाऊन आलं तरी पापण्यांचे केस एकमेकांना चिकटत होते. जुन्या पंचांगाचा, जानेवारीतला नाताळ उद्यावर आला होता. आज दिवसभर कुणी काही खायचं नाही, संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की बारा पदार्थांचं जेवण, त्यात मांस नाही की दूध नाही, मासा तेवढा चालतो. मागल्या खोलीतून मध्येच एक लांब आरोळी यायची. ती लेस्याची. लेस्या अकरा वर्षांची. जन्मापासून तिचे पाय आणि उजवा हात आखडलेले, जीभ तिचं ऐकत नाही, बोलता येत नाही. घास जरा जाड झाला की श्वासनळीत जातो. त्या आरोळीचा अर्थ एवढाच, की तिला बिटाचा वास आला आहे.

दार उघडलं आणि वाफेच्या लोटाबरोबर शेजारची पारास्का मावशी आत आली.

"दार लावा मावशी, न्हाईतर सगळा माळ घरात येऊन बसंल."

"बसू दे की. बारा पदार्थ केल्यात म्हणं, एक ताट त्यालाबी वाढ." पारास्कानं शालीआडची पुरचुंडी टेबलावर ठेवली. "ही खसखस. यंदा आमच्याकडं रग्गड आली. नवरा म्हणतो, तुला झोप लागावी म्हणून देवानं पिकवली. म्या म्हटलं, तू घोरायचं थांबीव, मग बघ कशी बिनखसखशीची झोपते."

स्तेफ्का हसली. चुलीच्या वरच्या फळीवर दोन वाट्या ऊब धरायला ठेवल्या होत्या. एकीत हिरवा, पांढरा, लाल असे वेगवेगळे पट्टे मांडलेले. पारास्कानं मान उंचावली.

"ही नक्षी कुणाची गं?"

"लेस्याची. एकात एक मिसळलं की थुंकती. बीट बिटागत लागलं पायजे, बटाटा बटाट्यागत."

"शाणी हाय पोर. आन् ही दुसरी?"

दुसऱ्या वाटीत तांबड्या मातीत पाणी कालवल्यासारखं काहीतरी होतं.

"दीदोंची," स्तेफ्का म्हणाली आणि जाळी घासायला लागली.

दीदो म्हणजे आजोबा. लेस्या झाल्यापासून सगळं घर स्तेफ्काच्या सासऱ्याला तीच हाक मारी. ऑक्टोबरात बिटाच्या वाफ्यात म्हातारा उभ्याचा आडवा झाला. उजवं अंग गेलं आणि तोंडातले सगळे शब्द गेले, एक सोडून. 'बरं.' डोळ्यांत धूर गेला तरी बरं, पलंगावरून घसरले तरी बरं. डॉक्टरनं सांगितलं, गिळायची ताकद राहिली नाही, नातीला देता तसंच गुळगुळीत करून द्या. ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. तसलं जेवण स्तेफ्काइतकं कुणाला येणार?

पहिल्या दिवशी तिनं सार, मासा, वाटाणे, पाव, सगळं एकदमच यंत्रात घातलं. त्या दिवशी खरंच वेळ नव्हता. जमीन गोठायच्या आत उरलेली बिटं उपटायची होती. दुसऱ्या दिवशी वेळ होता.

"तेबी मिसळलेलं खात्यात व्हय?" पारास्कानं विचारलं.

"काय बी द्या, बरं म्हणत्यात."

"तुझं बाकी कौतुक हाय पोरी. रविवारी चर्चमधी बायका त्येच बोलत हुत्या. सासऱ्यानं लेकराला तसलं बोलावं, आन् हिनं त्येला हातानं घास भरवावा. देवमाणूस, म्हणल्या."

स्तेफ्कानं जाळी इतकी घासली की बोटाचं साल निघालं.

ते 'तसलं' सगळ्या गावाला ठाऊक होतं. लेस्या तीन वर्षांची होती. याच जेवणाला स्तेफ्कानं तिला मांडीवर घेतलं होतं. घास तोंडातून परत येत होते, पांढऱ्या चादरीवर पडत होते. दीदोंनी चमचा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "गुरांचं आंबोण गोठ्यात खात्यात." आणि बोटानं मागची खोली दाखवली. या जेवणाला एक खुर्ची रिकामी ठेवायची असते, घरातल्या मेलेल्या माणसांसाठी. तिच्यापुढं ताट मांडतात, वाढतातसुद्धा. स्तेफ्का उठता उठता म्हणाली होती, "खुर्ची तर मोकळीच हाय." त्यावर म्हातारा म्हणाला, "मोकळी न्हाई. तिथं तुझी सासू बसती." नेस्टर, तिचा नवरा, ताटाकडं बघत राहिला. गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्या दिवसापासून लेस्याचं ताट मागल्या खोलीत गेलं, ते आजतागायत.

"आज बसवशील की टेबलाशी?" पारास्कानं शाल गुंडाळत विचारलं.

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? पोरीला."

"थंडी हाय, मावशी. त्या खोलीत ऊब हाय."

"आगं, चूल हितं आन् ऊब तितं?"

"रातच्याला तुम्ही सगळी नाताळची गाणी म्हणायला येणार. ती दंगा करती. झाकली मूठ बरी."

"झाकल्या मुठीत पोर गुदमरतंय, त्येचं काय?" पारास्का दारापाशी थांबली. हिचं बोलणं असंच, हसता हसता नांगराच्या फाळासारखं आत जायचं. "म्हाताऱ्याचं त्वांड बंद होऊन तीन म्हैनं झालं. सुंभ जळला, पीळबी गेला. मग आता कोण आडवतंय तुला? का तो पीळ तुझ्यात उतरला?"

ती गेली. वाफेचा लोट खाली बसला. स्तेफ्का दांड्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. आठ वर्षं तिच्याजवळ या प्रश्नाचं उत्तर होतं आणि ते उत्तर रोज टेबलाच्या टोकाशी बसून मिशा पुसत होतं. गेल्या तीन महिन्यांत तिनं कितीदा लेस्याला उचलून अंघोळीला आणलं, चुलीपाशी केस वाळवले, आणि जेवणवेळ झाली की कुणी न सांगता परत मागं नेऊन ठेवलं. दीदो नुसते बघत होते. अडवलं नव्हतं, उलट 'बरं' म्हटलं होतं.

तिनं खसखस खलात घेतली आणि वाटायला बसली.

नेस्टर गोठ्यातून आला तो मिशीवर बर्फ घेऊनच. "चांदणी दिसली," म्हणाला. रीतीप्रमाणं टेबलाच्या चादरीखाली मूठभर गवत पसरलेलं, पावात मेणबत्ती खोवलेली, रिकाम्या खुर्चीपुढं ताट. त्यानं बापाला उचलून टेबलाच्या टोकाशी बसवलं आणि कलू नये म्हणून टॉवेलनं खुर्चीला सैलसर बांधलं. रीत अशी, की गव्हाची खीर आधी घरातल्या कर्त्यानं चाखायची. तोवर कुणी चमचा उचलायचा नाही. नेस्टरनं प्रार्थना म्हटली, खिरीचा चमचा भरला आणि बापाच्या ओठांशी नेला.

"थांब!" स्तेफ्का म्हणाली. "गहू अख्खा हाय. ठसका लागंल."

"मग वाटलेली आण. लेस्याला केली असशील ना?"

केली होती. गहू कांडून, मऊ शिजवून, दोनदा यंत्रातून काढून, फडक्यातून गाळून, वर मध आणि खसखशीचं दूध. दीदोंसाठी तसली करावी हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तिनं ते जाऊ दिलं होतं.

मागल्या खोलीत लेस्या उशांना टेकून बसली होती. खिरीची वाटी तिच्या मांडीवर. स्तेफ्का मघाशी ठेवून गेली होती, आणि आई कधी येते म्हणून ती दाराकडं बघत होती.

"दे बाळा. दीदोंना एक घास देते आन् लगीच आणते."

लेस्याच्या डाव्या हाताची बोटं वाटीच्या काठावर बसली. तिची बोटं पुष्कळदा आपोआप मिटायची, उघडता उघडायची नाहीत. पण हे तसलं मिटणं नव्हतं. आईला कळतं.

"सोड गं."

सोडेना. नजर सरळ आईच्या तोंडावर.

"मिळाली का?" बाहेरून नेस्टर.

मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला की तिची बोटं सुटतात. ती युक्ती स्तेफ्काला माहीत होती, औषध देताना रोज करायची. तिनं अंगठा तिथं नेला. दाबलाही थोडा. आणि तिला दिसलं, ती काय करते आहे: सणाच्या दिवशी, उपाशी लेकराच्या हातातून जेवण ओढून घेते आहे, ते लेकरू टेबलाशी न्यावं लागू नये म्हणून.

तिनं अंगठा काढला. वाटीसकट पोरीला उचललं. अकरा वर्षांचं लांबलचक अंग, पाय तिच्या गुडघ्यांवर आपटत होते.

टेबलाशी एकच खुर्ची मोकळी होती. स्तेफ्कानं सासूचं ताट थोडं बाजूला सरकवलं. नेस्टरनं बघितलं. तो उठला, पलंगावरच्या दोन उशा आणल्या आणि खुर्चीत दोन्हीकडं खोचल्या. त्याचं गप्प बसणं एकदाचं कामी आलं.

लेस्यानं वाटी सोडली नाही, पण आईला त्यातला एक चमचा घेऊ दिला. स्तेफ्कानं तो दीदोंच्या तोंडात घातला आणि 'बरं' ऐकायची वाट बघत राहिली.

शब्द आला नाही. म्हाताऱ्यानं खीर तोंडात धरून ठेवली. गळ्याचं हाड एकदा वरखाली झालं. मग तोंड उघडलं. आपणहून, घरट्यातल्या पिलासारखं. तीन महिने ती खालच्या ओठावर चमचा दाबून घास आत सारत होती. याला चव कळत नाही, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. म्हणजे कळत होती. रोज, प्रत्येक घासाला कळत होती.

"घे, आता बाबांची वाटी," म्हणून नेस्टरनं फळीवरची लेस्याची नक्षीदार वाटी तिच्यापुढं ठेवली आणि दुसरी काढली. मेणबत्तीच्या उजेडात तो तिच्यात बघत राहिला. "हे काय गं?"

"ते माझं हाय," स्तेफ्का म्हणाली.

"तुझं?"

"आण हिकडं."

तिनं वाटी ओढून घेतली आणि घास घेतला. आजवर तिनं हे कधी चाखलं नव्हतं. माशाच्या अंगाला गोड लागलेलं, सुक्या सफरचंदांच्या पाण्याचं. त्यात आंबूस बीट, कोबी, घेवडा, सगळं कोमट आणि चिकट. गिळताना घशानं नको म्हटलं. तिनं दुसरा घास घेतला.

"स्तेफ्का?"

"जेव तू."

नेस्टर हळूच खाली बसला. बायकोकडं, मग बापाकडं, मग पोरीपुढच्या नक्षीदार वाटीकडं त्याची नजर गेली, आणि त्यानं आपला चमचा उचलला. स्तेफ्कानं वाटी बोटानं पुसून संपवली. मान वर केली तेव्हा दीदो तिच्याकडंच बघत होते.

"बरं," ते म्हणाले.

त्यातून त्यांना काय म्हणायचं होतं ते तिला कळलं नाही. विचारायची सोय नव्हती. तिनं लेस्याच्या नक्षीतला बिटाचा चमचा भरला आणि त्यांच्यापुढं धरला. मग चमचा पाण्यात बुडवून पुसला, आणि बटाट्याचा.

जेवण अर्ध्यावर आलं असेल नसेल, तोच अंगणात घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. बर्फावरून बूट करकरत आले. पारास्काचा जाडा आवाज, तिच्या नवऱ्याचा खोकला, आणखी पाचसात घरची माणसं. नेस्टर दाराकडं गेला.

स्तेफ्काचे हात लेस्याच्या काखेत गेले होते. कधी गेले, तिला कळलं नाही. पोरीला तिनं खुर्चीवरून वीतभर उचललंसुद्धा होतं. पोरीच्या हनुवटीवरून बिटाचा लाल ओघळ, चादरीवर लाल ठिपके, मागल्या खोलीचं दार दोन पावलांवर. समोर दीदो. त्यांची नजर तिच्या हातांवर होती, आणि त्या नजरेत राग नव्हता, टोमणा नव्हता. ओळख होती. दारावरून आपलंच जनावर जाताना धन्यानं बघावं, तशी.

तिनं पोरीला खाली बसवलं. उशी नीट केली.

दार उघडलं. थंडीचा पांढरा लोंढा जमिनीवरून टेबलाखाली आला आणि त्याच्यामागून गाणं. माणसं दारात दाटीवाटीनं उभी राहून गायला लागली. लेस्यानं गाणं ऐकलं आणि सगळ्या अंगानं हसली. तोंडातलं बीट चादरभर उडालं. एक ठिपका दीदोंच्या पांढऱ्या बाहीवर बसला. गाणाऱ्यांपैकी कुणाचा तरी सूर अडखळला, मग पारास्कानं आपला आवाज वर काढून तो सावरला.

सगळ्यांचे डोळे त्या खुर्चीवर आहेत हे स्तेफ्काला न बघता कळत होतं. मानेपासून कपाळापर्यंत तिला भाजत होतं. देवमाणूस, म्हणतील परत, घरी जाताना बर्फगाडीत. तीन महिन्यांच्या त्या वाटीचं कुणाला काही सांगता येणार नव्हतं.

तिनं चमचा पाण्यात बुडवला, पुसला, भरला.

"आता बटाटा," ती हलक्या आवाजात म्हणाली. लेस्यानं तोंड उघडलं.

गाणं संपेपर्यंत स्तेफ्कानं मान वर केली नाही. पण ती उठली नाही.