एका दिवसाचं माप

"आज खाडा पडना व माय..."

आईचा तो आवाज साधनाला अजून ऐकू येतो. नामपूरचं घर, ती सहा-सात वर्षांची, तापानं अंग भाजतंय, आणि दारात आई कुणा बाईशी बोलतेय. खाडा पडला म्हणजे घरात कुठंतरी जमीन खचली असणार, असं वाटून पोर कपाळावरचं ओलं फडकं टाकून उठली. चुलीमागं बघितलं, मोरीत बघितलं, उंबऱ्याशी वाकून बघितलं. खड्डा कुठंच नव्हता.

आईनं पदरात हसू दाबत तिला परत निजवलं. "अवं, खड्डा नही. खाडा. मी आज कामवर नही गई ना, मंग आजना रोज बुडना."

रोज बुडाला हे ऐकून पोर जास्तच घाबरली. म्हणजे त्या खड्ड्यात पाणीही होतं.

आई, म्हणजे बयाबाई, तेव्हा नामपूरच्या मार्केटात कांदा निवडायला जायची, रोजानं. मोठा कांदा इकडे, बारकी गोल्टी तिकडे, सडका पार मागे. हात चालायचे आणि हातांच्या मागून ओवी चालायची:

दिस माझा गेला बाई, कांद्याच्या राशीपाशी
लेक माझी लिहिते गं, दिवा ठेवून उशाशी

त्या दिव्याच्या उजेडात लेक शिकली, बी.कॉम. झाली, लग्न होऊन नाशकात पंचवटीत आली. वडील गेल्यावर तिनं आईलाही आणलं. पण राशीपाशी जन्म गेलेली बाई फ्लॅटच्या खिडकीपाशी किती दिवस बसणार? दोन महिन्यांत तिनं स्वतःचं काम स्वतःच शोधलं. दिंडोरी रोडला द्राक्षांचं पॅकहाऊस होतं. तिथं घड साफ करायला बाया लागत. सकाळी भाजी बाजाराच्या कोपऱ्यावर टेम्पो येई, त्यात ती बसू लागली.

आणि पुढच्या दिवाळीत त्याच पॅकहाऊसच्या ऑफिसात साधनाला बायांच्या पगाराचा हिशोब करायचं काम मिळालं.

नेमणुकीचं पत्र बघून आई आधी देवापाशी साखर ठेवून आली. मग समोर बसून म्हणाली, "एक गोठ ध्यानमा ठेव. तठे माले माय म्हनू नको."

"का गं?"

"आपला नामपूरना मार्केटमा तोलारी आपला भाऊना कांदा कधी तोले का? दुसराले उभा करे आनि स्वतः बाजूले व्हई जाये. का? माप खरं ऱ्हायनं तरी लोके म्हनतीन, भाऊ शे ना. तू आते तोलारी. तुन्ही माय रांगमा दिसाले नको."

मग तेच ठरलं. आडनावं वेगळी, तेव्हा कागदावर काही दिसत नव्हतं. साधना स्कूटरवरून आईला टेम्पोच्या कोपऱ्याच्या अलीकडेच सोडायची. ऑफिसात सगळ्या बायांना ती मावशी म्हणायची, तशीच आईलाही. जिनं जन्म दिला ती दिवसभर मावशी, आणि जी पोटची ती दिवसभर मॅडम. संध्याकाळी घरचं दार लागलं की मगच माय आणि पोर.

त्याच दिवाळीपासून मालकांनी बायांना रोजावरून महिन्यावर घेतलं होतं. भारतआप्पा स्वतः द्राक्षाचे बागाईतदार, बोलायला फटकळ, पण माणूस हिशोबी. महिना पंधरा हजार सहाशे, रविवार भरपगारी सुट्टी. महिन्यावर गेल्याचं बायांना कोण कौतुक. पहिल्या रविवारी बयाबाई डबा घेऊन फाटकापाशी हजर.

"मावशी, आज बंद हाय," वॉचमन म्हणाला.

"पगार चालू शे ना आजना? मंग काम बंद कसं?"

वॉचमननं हात जोडले, तरी ती घटकाभर फाटकाशी बसूनच राहिली. न केलेल्या कामाचा दिवस घरी न्यायचा कसा, हे तिला कळेना. घरी येऊन तिनं लेकीची सगळी भांडी पुन्हा घासली, तेव्हा कुठं तो रविवार तिला पचला.

फेब्रुवारी लागला. द्राक्षांचा हंगाम भरात आला, कॅरेटवर कॅरेट चढू लागले. त्यातच एका दिवशी साधनाला ताप भरला. आई कामाला गेलीच नाही. सबंध दिवस लेकीच्या उशाशी बसून ओलं फडकं बदलत राहिली. साधनाची रजा भरपगारी होती. उशाशी बसलेलीचा मात्र खाडा पडला.

"जाऊ दे," आई म्हणाली, "येता रविवारे माल शे. भरी काढसू."

त्या रविवारी खरंच काम निघालं. ज्यांचा खाडा होता त्या बाया आल्या, ज्यांचा नव्हता त्याही आल्या. बयाबाईनं रविवार भरला आणि घरी येऊन पाय पसरून म्हणाली, "खाडा भरना व पोरी. जमीन सरखी झाई."

महिनाअखेरीच्या पगाराच्या चिठ्ठ्या वाटल्या त्या दुपारी ऑफिसच्या खिडकीशी आक्काबाई आली. मखमलाबादची ही बाई एकटी आली तरी चौघी आल्यासारख्या वाटत. तिनं बयाबाईला मनगटाला धरून ओढत आणलं होतं.

"मॅडम, हिचं जरा बघा. मपलं बी तसंच झालंय, पन मी बोलती तरी. ही मुकीच हाय."

"काय झालं, मावशी?" साधनानं विचारलं. कुठल्या मावशीकडे बघावं ते तिला कळेना.

"हिनं एक दिवस बुडवला. एक रविवार जास्तीचा भरला. मंग पगार जेवढ्याचा तेवढा यायला पायजे का नको? ऐंशी रुपये कमी हायेत. मपला दिवस जाताना महाग आन येताना स्वस्त, असं कुठं असतं का?"

"चाल व आक्का," बयाबाई तिला मागे ओढू लागली. "मॅडमले काम शे."

"बघा, बघा. ऐंशी हिचे गेले आन घाबरती बी हीच!"

त्या गेल्यावर साधनानं संगणकात आधीच्या कारकुनानं बसवलेला तक्ता उघडला. हंगामातला कामाचा रविवार या महिन्यात पहिल्यांदाच आला होता, म्हणून आजवर हे कुणाला दिसलं नव्हतं. गैरहजेरी कापताना महिन्याचा पगार सव्वीसनं भागलेला, म्हणजे चार रविवार वगळून. दिवसाचे सहाशे. जास्तीचा दिवस देताना तोच पगार तिसानं भागलेला, रविवार धरून. दिवसाचे पाचशे वीस. बाई तीच, हात तेच, घडही तेच. खड्डा खणताना काढलेली माती पुन्हा त्यातच टाकली, तरी खड्डा भरत नव्हता.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. आईनं भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला.

"ऐंशी रुपयासाठे तुन्ही खुर्ची हालाले नको. मन्हा खाडा मी भरी काढसू कोठे तरी."

"माय, तुझ्या एकटीचं नाही गं. सगळ्या बायांचं आहे."

आईनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "सगळासनं शे तर बोल. पन मन्हं नाव काढू नको. मन्हं नाव निघनं की तुन्हं माप खोटं व्हई जाई."

दुसऱ्या दिवशी भारतआप्पा केबिनमध्ये घडाचा नमुना हातात घेऊन मण्यांची फुगवण बघत होते. साधना उभीच राहिली. बसायला सांगितलं तरी बसली नाही. तिनं सगळं सांगितलं. आप्पांनी मान वर केली नाही.

"आधीपासून तसंच हाय ते. त्या कारकुनानं लावून दिलंय."

"हो आप्पा. पण एका दिवसाला एकच भागाकार हवा. सव्वीस धरायचे तर कापतानाही सव्वीस आणि देतानाही सव्वीस. तीस धरायचे तर दोन्हीकडे तीस. तुम्ही म्हणाल ते लावते. पण दोन नाही लावणार."

"नाही लावणार?" आप्पांनी घड खाली ठेवला. "लय पैसे वाचत्यात का त्यात मपले?"

"फार नाही."

"मंग तुला येवढं काय पडलंय? बायांनी पढवलं का?"

नोकरीला पाच महिनेही झाले नव्हते. फ्लॅटचे हप्ते अर्धे तिच्याच पगारातून जात. तरी नामपूरच्या मार्केटातला धुरळा तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्या धुरळ्यात टांगलेला काटा.

"आप्पा, व्यापाऱ्यानं तुमची द्राक्षं घेताना एक काटा लावला आणि पैसे देताना दुसरा लावला, तर तुम्ही काय कराल?"

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग खुर्चीत मागे रेलून हसले. "त्याचा काटा नेऊन गोदावरीत टाकीन." हसू ओसरलं तसे पुढे झुकले. "पन एक खरं सांग. त्या रांगेत तुझं कोन हाय?"

"आधी हिशोब ठरवू, आप्पा. नाव मागून."

"म्हंजे हाय कोनीतरी."

खाली हॉलमध्ये कात्र्यांचा आवाज चालला होता, टिक टिक टिक, घडातला खराब मणी पडत होता, चांगला राहत होता.

"बरं," आप्पा उठले. "सव्वीस. दोन्हीकडं. ह्या महिन्याचंच दुरुस्त कर. चल, तूच सांग बायांना. मी बी येतो."

हॉलमध्ये थंडगार हवा, डोक्याला पांढऱ्या टोप्या, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाया. मालक आलेले बघून कात्र्या थांबल्या. साधनाला वाटलं होतं आवाज कापेल. नाही कापला. तिनं सव्वीसचा हिशोब सोपा करून सांगितला. तुमचा दिवस सहाशेचा आहे. बुडाला तरी सहाशेचा, जास्तीचा भरला तरी सहाशेचा. यापुढं कुणीही विचारलं, तुझा रोज किती, तर सांगायचं सहाशे.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. महिन्यावर गेल्यापासून आपला एक दिवस केवढ्याचा, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. टेबलाच्या टोकापासून कुणी तरी हळूच म्हणून बघितलं, "सहाशे." मग दुसरीनं. तो आकडा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात ओवीसारखा फिरला.

"हिला विचारलं म्या," आप्पा मोठ्यानं म्हणाले, "ह्या रांगेत तुझं कोन हाय. तर नाव सांगत नाय."

"आमी सगळ्याच हाये की तिच्या!" आक्काबाई टोपी सावरत पुढं आली. "पन खरं सांगा मॅडम, कोन्या माउलीच्या पोटची तुमी? तिची दिष्ट काढायला पायजे."

साधनानं खाली बघितलं. तिनं शब्द दिला होता, आणि तो तिच्याकडून मोडणार नव्हता.

टेबलाच्या पलीकडे बयाबाईनं हातातला घड सांभाळून कॅरेटमध्ये ठेवला. कात्री मिटली. डोक्यावरची टोपी काढून पदर नीट घेतला, नामपूरला माणसांत बोलायच्या आधी घ्यायची तसा. ती आप्पांकडे बघत होती. डोळे भरलेले होते, पण मान ताठ होती.

"माप सगळासले सरखं झायं ना, आप्पा?"

"झालं, बाई."

"मंग आते सांगाले हरकत नही." ती आक्काबाईकडे वळली. "मॅडम नही व ती. मन्ही पोर शे."