डाव्या चॅनेलची चरचर

"मामा, ही तिसरी खेप हाय," म्हणत गौतमीनं ॲम्प्लिफायर काउंटरवर ठेवला. "चरचर हाय तशीच हाय."

राहू गावाहून दौंडला यायचं म्हणजे स्कूटीवर चांगला तासभर, तेही पायाशी हे धूड घेऊन. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता कंटाळा होता. राग असता तर साहेबरावांना बरं वाटलं असतं. रागावलेलं गिऱ्हाईक त्यांना हाताळता येई. रिपेअरिंगच्या या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं?

"मागल्या खेपेला तुझ्यासमोर वाजवून दाखवला की."

"दाखवला. तवाबी चरचर होतीच. मी सांगितलं, तर तुम्ही म्हणला, आईचं वय झालं, कान वाजत असत्याल."

म्हणाले होते खरे. गौतमीच्या आईला, आक्काबाईंना, दिसत नाही. भीमगीतं नि जुनी गाणी हाच त्यांचा दिवसभराचा विरंगुळा. गाणं संपलं की त्या हाक मारतात, गॅसवर काय चरचरतंय बघ गं. गौतमी शिलाई मशीन सोडून उठते. गॅस बंदच असतो.

साहेबरावांनी सेट जोडला, आवाज शून्यावर आणला आणि सवयीनं डावा कान स्पीकरला लावला. उजव्या हातात टेस्टर असायचा, म्हणून कान कायम डावा. काही नाही. स्पीकर बदलला. काही नाही. वायर बदलली. तरी सगळं शांत.

"हाय का आता?"

"हाय ना. तुम्हाला येत न्हाई ऐकू?"

तिनं स्पीकर उचलला आणि त्यांच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवला. "आता ऐका बरं."

ऐकू आली. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी बारीक चरचर.

साहेबरावांनी मान वळवून डावा कान लावला. गेली. उजवा लावला. आली. दोष शोधायची त्यांची एकच रीत होती. एकेक वस्तू बदलायची आणि दोष कुणाबरोबर जातो ते बघायचं. तो स्पीकरबरोबर गेला नव्हता, वायरबरोबर गेला नव्हता. कानाबरोबर गेला. कधीपासून, कोण जाणे. एवढ्यात किती जणांना आपण 'काही नाही, घेऊन जा' म्हणून वाटेला लावलं, हे आठवायचंही त्यांना नको झालं. फार लाज वाटली.

"गौतमी, सेटमधी फॉल्ट हाय," ते म्हणाले. "आन् माझ्या कानातबी हाय. आईला सांग, त्यांचं बरोबर हाय."

"व्हय मामा."

मग हात कामाला लागले. हातांना काही झालं नव्हतं. आवाज शून्यावर आणूनही चरचर कमी होत नव्हती, म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे. चरचर डाव्या चॅनेललाच होती; त्याचा एक ट्रान्झिस्टर काढून नवा घातला. सोल्डरिंगचा सुटलेला टाका पुन्हा डागला. सेट चालू करून त्यांनी या वेळी उजवा कान लावला. शांत.

पण आता त्यांचा शांततेवर भरवसा राहिला नव्हता. चरचर गेली, की हाही कान चालला?

"तू ऐक," ते म्हणाले.

गौतमी वाकली. डोळे मिटून ऐकत राहिली. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, तो जाऊ दिला आणि पुन्हा कान लावला.

"गेली, मामा."

"नक्की?"

"नक्की."

झाकण बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला तारीख, 'ओके' आणि आपली सही करायची, ही त्यांच्या उस्तादांनी लावलेली शिस्त. त्यांनी झाकण उलटं केलं. दोन तारखा, दोन ओके, दोन सह्या. दोन्हींवर त्यांनी काट मारली आणि पेन गौतमीपुढे धरलं.

"मी काय लिहू?"

"आजची तारीख टाक. ओके लिही. आन् खाली तुझं नाव. ऐकलंय तू."

तिचं लिहून होईपर्यंत ते झाकणाचे स्क्रू मुठीत घेऊन उभे राहिले.