धुराकडची खिडकी

पिंपात तीन सळ्या होत्या. दोन सळ्यांवर मटणाच्या अकरा-अकरा पट्ट्या, तिसरीवर नऊ. सगळ्या मिळून एकतीस. पट्टी करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, मीठ-हळद चोळलेली. तळाशी बाभळीच्या चार ढलप्या आणि त्यांवर ओलसर केलेलं उसाचं चिपाड, म्हणजे जाळ न होता नुसता धूर व्हावा. दादासोनं झाकण फटभर सरकवून धुराचा रंग बघितला. अजून पांढरा होता.

"दादासो, हायसा का?"

"या की, आण्णा."

बसवराज आण्णा बोळातच थांबले. त्यांचं किराणा दुकान उचगावच्या रस्त्यावर, दुकानामागं घर, आणि घरामागं दादासोच्या दोन खोल्या. आठ वर्षांपूर्वी आण्णांनीच हा मागचा तुकडा दादासोला विकला होता. रस्त्यावर जायला तीन फुटी बोळ तेवढा होता, तोही आण्णांच्या गॅलरीखालून. खरेदीच्या कागदात बोळाचा उल्लेख नव्हता. "जा-ये कराय कोण अडवतंय तुमाला," असं आण्णा तेव्हा म्हणाले होते, आणि खरंच कधी अडवलं नव्हतं.

नाकावरचा टॉवेल आण्णांनी बोलण्यासाठी खाली घेतला. "रक्षिताला काल सासरनं आणलंय. तिसरा म्हैना लागलाय. पाणी बी पोटात ठरंना. हितला धूर सरळ तिच्या खिडकीत जातोय."

दादासोनं वर बघितलं. गॅलरीतली खिडकी बंद होती. फटीत कापड कोंबलेलं दिसत होतं.

"आठ वर्सांत मी तुमाला कधी काय बोललोय?"

"न्हाई, आण्णा."

"मग आता बोलतोय ते समजून घ्या."

आण्णा गेल्यावर दादासोची बायको सरुबाई दारात आली. "आपल्या गल्लीत असतो तर चार बायका पट्टी मागाय आल्या असत्या," ती म्हणाली.

विहारामागच्या त्या गल्लीत थंडीत घरोघरी चुलीवर मटणाच्या पट्ट्या टांगलेल्या असत. वास सगळ्यांचाच, त्यामुळं तो कुणाला येत नसे.

"हितं यायचा हट्ट कुणाचा हुता?" दादासो म्हणाला.

"माझाच. मग काय आता जीव देऊ?"

त्यांचा मुलगा सूरज खोलीत ट्रंक भरत होता. तो सैन्यात होता आणि शनिवारी त्याला परत निघायचं होतं, तेजपूरला, चार दिवसांचा प्रवास. दर रजेनंतर तो या पट्ट्यांचा डबा घेऊन जाई. त्यासाठीच दादासोनं फौंड्रीतून सुट्टी घेतली होती. नीट वाळलेली पट्टी चार महिने टिकते. पण दिवसाकाठी आठ तास धूर आणि असे तीन दिवस मिळाले तरच. आज मंगळवार होता.

"ऱ्हाऊ दे की, बाबा," सूरज म्हणाला. "कँटीनला समदं मिळतंय."

"गेल्या बारीला सुभेदारानं दुसरी पट्टी मागितली म्हणालतास."

"मागतोय वो. पर त्येला ही खिडकी कुठं ठावं हाय."

दादासोनं विस्तव विझवला नाही, राखेखाली दाबून ठेवला. वारा बघायला पिंपाच्या कडेला उदबत्ती खोचली आणि पायरीवर बसला. दुपारभर उदबत्तीचा धूर गॅलरीकडंच वळत होता. साडेपाचच्या सुमारास तो सरळ वर गेला, थोडा घोटाळला आणि बोळाकडं वळला. मग दादासोनं ढलप्या घातल्या. धूर जमिनीलगत बोळात शिरून रस्त्याकडं निघून जाऊ लागला. खिडकीकडं काही गेला नाही. दोन तासांनी वारा पुन्हा फिरला, तेव्हा त्यानं विस्तव दाबला.

बुधवारीही त्यानं तसंच केलं. त्याला बरं वाटलं. खिडकीच्या फटीतलं कापड काढलेलं होतं.

धूर कुठं जात होता ते त्यानं बघितलं होतं. कुणाला बोलावत होता ते त्याच्या लक्षात आलं नाही. मंगळवारी संध्याकाळी बोळात दोन कुत्री येऊन बसली होती. गुरुवारी पहाटे पाच होती. आण्णांची आई शांतव्वा मठात जायला बोळातून निघाली, तेव्हा त्यातलं एक तिच्या अंगावर गेलं. ती पडली नाही, पण लुगडं फाटलं.

दादासो लुगड्याचे पैसे द्यायला गेला. आण्णांनी हात जोडले. "लाजवू नका. तुमी मुद्दाम केलंय का? बोळ उघडा हाय, कुत्री येणारच. त्येचा बंदोबस्त करतो."

दुपारी वेल्डिंगवाला आला. आण्णांच्या गोदामाचं जुनं फाटक पडून होतं, तेच बोळाच्या तोंडाला बसवलं. फाटक बोळापेक्षा अरुंद होतं, म्हणून उरलेल्या जागेत पत्रा मारला. वर गॅलरीच्या स्लॅबपर्यंत जाळी जोडली, खांब सिमेंटमध्ये पुरले.

"कुलूप न्हाई हां," आण्णा दोनदा म्हणाले. "नुसती कडी. तुमी बी काढा, आमी बी काढू."

"कुत्र्यास्नी फाटक," सरुबाई घरात पुटपुटली. "आन कडी काढायची कुणी? आपणच की."

"हळू बोल."

"हळूच बोलालोय. आठ वर्सं."

संध्याकाळी शांतव्वा स्वतः मागच्या दारी आली. हातात वाटी, वाटीत गरम होळगी, म्हणजे पुरणपोळी. ती सरुबाईला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण.

"तंगी, पोरगी आज दोन घास भात जेवली बघ. तुज्या नवऱ्याचं लई उपकार. दिवसा धूर केला न्हाई त्यानं."

"बसा की, अव्वा."

"बसत न्हाई गं." तिनं पिंपाकडं बघितलं नाही. "वाटी सावकाश दे."

त्या दिवशी दादासोनं विस्तव पेटवलाच नाही. एक पट्टी काढून त्यानं मधोमध चिरली. बाहेरून ती काळपट, कडक झाली होती; आत अजून लालसर आणि मऊ होती. चार दिवस गाडीत, बंद डब्यात, तिला बुरशी येणार.

शुक्रवारी सरुबाईनं सगळ्या पट्ट्या शिजवल्या. तिखट परतायला घेण्याआधी दादासोनं दार लावलं, खिडकी लावली, दाराखाली पोतं सारलं. खोलीत ठसका कोंडला. तिघंही खोकत, घाम पुसत जेवले.

"तेजपूरला बी हितल्यापेक्षा बरी हवा असती," सूरज म्हणाला. कुणी हसलं नाही, तसा तोही खाली बघून जेवला.

शनिवारी त्याच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी गेली. ट्रंक फाटकातून आडवी करून काढावी लागली. रिक्षात बसताना तो म्हणाला, "बाबा, पिंप देऊन टाका. त्येच्यापायी सोताच्या घरात चोरागत वागालाय."

"बघतो."

"बघतो न्हाई. फुडच्या बारीला दिसाय नको."

रविवारी जुन्या गल्लीतला चुलतभाऊ आकाराम हातगाडा घेऊन आला. गाडा रस्त्यावर लावून तो आत आला, पिंपात वाकून वास घेतला. "चुलतीच्या चुलीचा वास येतोय," तो म्हणाला. "सोडवंल का तुला?"

"धर तिकडनं."

दोघांनी पिंप बोळातून फाटकापर्यंत आणलं. उभं लावलं, अडलं. आडवं लावलं, अडलं. आकारामनं खांदा लावून रेटलं तसा पत्रा वाजला आणि वरची खिडकी उघडली. रक्षिता होती. केस मोकळे, चेहरा उतरलेला. तिनं नाकाला पदर लावला नव्हता.

"काय झालं वो, काका?"

"काय न्हाई, पोरी. आवाज झाला व्हय? झोप तू."

आण्णा दुकानातून टेप घेऊन आले. "थांबा, उगंच झटू नका. माप घेऊ." टेपचं एक टोक दादासोकडं दिलं, दुसरं स्वतः धरलं. आधी पिंप मापलं, मग फाटक. आकडे आण्णांनी वाचले.

पिंप साडेतेवीस इंच भरलं. फाटकाची मोकळी जागा बावीस.