थोरलीच्या नावाचा कागद

मित्रांनो, मला शाई लागत नाही. परीक्षा मंडळाच्या कचेरीतला मी लोखंडी शिक्का, दोन जबड्यांचा. प्रमाणपत्राचा कोपरा जबड्यात धरून दांडा दाबला, की कागदावर मंडळाचं चिन्ह उठून येतं. डोळ्यांना ते फारसं दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळतं.

कारखान्यातून नवा आलो तेव्हा माझा काय तोरा होता! निकालाच्या दिवसांत दांडा दाबून दाबून शिपायांचे खांदे भरून यायचे. पण माझ्याकडे यायचे ते फक्त पास झालेल्यांचे कागद. बाकीच्या विषयांत कितीही गुण असोत, एक विषय राहिला की हाती नुसतं गुणपत्रक, तेही गुळगुळीत. नापासांची नावं मला कधी ठाऊकच झाली नाहीत.

आता शिक्का छापूनच येतो. मी खिडकीपाशी पडून असतो, न नेलेल्या प्रमाणपत्रांच्या कपाटाशेजारी. खरं सांगतो, त्या कपाटाची मला भीती वाटते. पंखा बंद असला तरी आतले कागद सळसळतात. एखादी हाताने लिहिलेली प्रत निघाली, तरच कारकूनबाई माझी धूळ पुसतात.

परवा अशीच एक प्रत निघाली. शाळा सुटून जन्म लोटल्यावर राहिलेल्या गणिताला पुन्हा बसून पास झालेल्या कुणा बाईची. मी कोपरा धरला आणि दचकलो. भर दुपारी तो कागद बर्फासारखा गार होता. दांडा दाबल्यावर माझे जबडे उघडेनात. कारकूनबाईंनी दोन्ही हातांनी ओढून तो कसाबसा सोडवला.

थोड्या वेळाने ती बाई खिडकीशी आली. केस पिकलेले, पदर नीट खोचलेला. तिने ओळखपत्र पुढे केलं.

"अहो ताई, यावर नाव दुसरंच आहे."

"ते माझ्या धाकट्या बहिणीचं."

"आणि फोटो तुमचा?"

गजाला धरून ती हळू आवाजात सांगू लागली. दोघी बहिणी एकाच वर्षी परीक्षेला बसल्या. धाकटी पहिल्या वर्गात आली, थोरली गणितात गेली. निकालानंतर धाकटी तापाने दगावली. तिची नोकरी ठरलेली होती. "पासाचा कागद आहे, तो फुकट कशाला घालवायचा?" असं मामा म्हणाला. मृत्यूच्या नोंदीत थोरलीचं नाव घातलं गेलं आणि थोरली धाकटीचे कपडे घालून कामावर रुजू झाली. बाहेर जीभ घसरू नये म्हणून आई घरातही तिला धाकटीच्या नावाने हाक मारू लागली. आधी नाटक म्हणून, पुढे खरंच. थोरलीचा फोटो भिंतीवर लागला. स्वतःच्याच त्या फोटोसमोर बसून ती रोज जेवते.

धाकटीचा तो कागद मीच चावला होता. माझ्या अंगावर काटा आला असता, पण लोखंडाला काटा कुठून येणार?

"मग परीक्षेला कशा बसलात?"

"प्रवेशपत्रावर जुना नंबर न् आत्ताचा फोटो. तिथं कुणी फार विचारलं नाही. मॅडम, नोकरी संपली माझी. मरायच्या आधी माझ्या नावाचं एक काहीतरी हातात पाहिजे. दुसरं काही मागत नाही मी."

कारकूनबाईंनी ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. "घरातलं कुणी ओळख पटवेल?"

"आई आहे. पण ती पटवेल का, काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी ती आईला हाताला धरून घेऊन आली.

"आजी, ही तुमची कोण?"

"ही होय? धाकटी."

"आणि थोरली?"

"ती केव्हाच गेली. नापास झाली होती हो."

कपाटातली सळसळ एकाएकी थांबली, जागा करून दिल्यासारखी. हा कागदही आता तिकडेच जाणार, या धास्तीने मी गारठलो.

कारकूनबाईंनी आजींचं बोट धरून माझ्या ठशावर ठेवलं. "आजी, थोरली पास झाली."

बोट त्या उठावावरून फिरलं, पुन्हा फिरलं.

"पास झाली?" आजींचा आवाज चिरकला. "मग तिला म्हणावं, घरी ये आता. कुणी काही बोलणार नाही." आणि रिकाम्या दाराकडे बघत त्यांनी थोरलीला नावाने हाक मारली. कागदावर होतं तेच नाव.

"आले, आई," शेजारी उभी असलेली थोरली म्हणाली.

कारकूनबाईंनी कागद तिच्या हातात दिला.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तरी हरकत नाही. पण तुमचा निकाल लागेल त्या दिवशी घरच्यांना माझा एवढा निरोप द्या. दारात आलेल्या पोराला आधी त्याच्या नावाने हाक मारा, गुण मग विचारा.