नेपल्सचा देव पाण्यात

एडिसनमधल्या माझ्या घरमालकीणबाई, मिसेस एस्पोझितो, मूळच्या नेपल्सच्या. सत्त्याऐंशी साली त्यांचा लाडका फुटबॉल क्लब नापोली पहिल्यांदाच लीग जिंकायच्या बेतात होता आणि एप्रिलमध्ये नेमका हरायला लागला. रोज बाईंचं रडगाणं! शेवटी वैतागून मी म्हणालो, “आमच्याकडे मागणं पूर्ण होईपर्यंत देव पाण्यात ठेवतात.”

संध्याकाळी पाहतो तर बाईंनी आपला दोन फुटी पितळी संत घरातल्या एकुलत्या एका बाथटबमध्ये बुडवून ठेवलेला! मग महिनाभर मी किचनच्या सिंकमध्ये डोकं धुतलं आणि नापोलीसाठी बाईंपेक्षा जास्त प्रार्थना केली.

दहा मेला नापोली चॅम्पियन झाला. मी टॉवेल घेऊन धावलो, तर बाई बाथरूमच्या दारात उभ्या.

“थांब. जूनमध्ये कपची फायनल आहे.”