न कापलेला ठोंब

"अमीनभाऊ, हाई पेंढी कोनी बांधी? दोन्ही गवतं एक करी टाकात!"

भिकुबाईने पेंढी सोडली, हुंगली आणि दोन बाजूंना वाटून टाकली. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या गवताळ उतारावर, नाल्याकाठी रोशा गवताचे तेल काढण्याची अमीनभाईंची भट्टी होती. १९१३चा ऑक्टोबर चालू होता. पंधरा वर्षे भिकुबाईचे काम एकच: आलेले गवत निवडणे. रोशाच्या दोन तऱ्हा. मोतियाला गुलाबासारखा वास आणि तेलाला भाव. सोफियाला आल्यासारखा उग्र वास. सोफिया मिसळले की गवत उकळायच्या अख्ख्या डेगेतले तेल हलके पडे.

"अक्का, आता निवडायची कटकटच मिटली," अमीनभाई म्हणाले. "साहेबांनी पत्रकात छापलंय. कोवळं ते मोतिया, पिकलं ते सोफिया. गवत एकच. लवकर कापलं की झालं."

वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ते पत्रक मीच लिहिले होते, वाळलेल्या सतरा नमुन्यांच्या आधारे. एका ओळीने एका बाईचे काम जाईल, हा विचार मी केला नव्हता. विज्ञानात तो करायचा नसतो, असे मला वाटे.

भिकुबाई माझ्याकडे पाहून हसली. "रावसाहेब, मना नवरा बी हाईच सांगे."

"मग तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

"सांगं नई. लाई दिधं."

तिच्या झोपडीमागे, बोरीच्या काट्यांच्या कुंपणात, हातभर अंतरावर गवताचे दोन ठोंब उभे होते. नऊ पावसाळ्यांपूर्वी नवराबायकोत पैज लागली होती. तिने सोफिया लावले, नवऱ्याने मोतिया. मोतिया पिकून सोफिया होईल, असे त्याचे म्हणणे.

"चौथा वरीसले म्हने, औंदा पिकी. पाचवा वरीसले बी तेच," ती म्हणाली. "आते त्याले जाईसन दोन वरीस व्हयनात."

एकच माती, एकच ऊन, एकच पाऊस. मला याहून काटेकोर मांडणी सुचली नसती. दोन्हींच्या तुऱ्यांवर लाली होती. लाल तुरा म्हणजे पिकून सोफिया झालेले गवत, असे मानून मी भुललो होतो तो याच लालीला.

"लाल तर बठ्ठं गवत व्हस," ती म्हणाली. "वास थोडाच बदलस?"

मी पाने चुरडली. वास वेगळे होते. तरीही तिला पाठमोरी बसवून मी वीस पाने एकामागून एक तिच्या हाती दिली.

"साळामां बसाडं का माले?" ती म्हणाली, पण वीसही पाने तिने बरोबर ओळखली.

पुराव्यासाठी मला दोन्ही ठोंब मुळासकट हवे होते. तिने विळ्याच्या टोकाने सोफियाभोवतीची माती स्वतः उकरली.

"हाऊ मना. ल्या."

मी दुसऱ्याकडे वळलो, तेव्हा तिने त्यावर तळहात ठेवला.

"हाऊ त्याना शे. पैज आखो मिटनी नई."

नऊ वर्षांनंतर निकाल लागला आहे, हे मी तिला सांगू शकलो असतो. मी हात मागे घेतला. तिने मोतियाची एक काडी पेऱ्यापाशी मोडून दिली. मुळाशिवायचा नमुना अपुरा असतो. टिपणवहीत मी तसे नोंदवले. 'निरीक्षक' या शब्दापुढे तिचे नाव लिहिले.

भट्टीवर परतून मी अमीनभाईंकडच्या पत्रकातली ती ओळ पेन्सिलीने खोडली. त्यांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला.

"म्हणजे अक्का निवडायला बसणार," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "बरं झालं. नाहीतर मला शिव्या कोण देणार?"

"मांगे सरका, भाऊ. सावली पडस गवतवर," भिकुबाई म्हणाली आणि दगडावर बसून तिने पुढची पेंढी सोडली.

संध्याकाळी मी उतरायला लागलो. उतार कापून झाले होते. जिकडेतिकडे पिवळे खुंट. भट्टीवरून परतलेली भिकुबाई झोपडीमागे ओणवी होती. सोफियाच्या जागी पडलेला खड्डा बुजवून ती बोरीचे काटे अलीकडे सरकवत होती. एकाच ठोंबाला पुरेल एवढे कुंपण तिने लहान केले.